पाळीच्या चक्रानुसार चेहऱ्याची निगा दर आठवड्याला बदलावी का?

सदाफुली (ठाणे)

नमस्कार. माझे वय ३१ असून त्वचा तेलकट आहे. पाळी साधारणपणे २७ ते ३० दिवसांनी येते आणि ती यायच्या आठवडाभर आधी हनुवटीवर व जबड्याच्या कडेने खोल, दुखऱ्या पुळ्या येतात, ज्यांना तोंड म्हणून फुटत नाही. पाळी सुरू झाली की त्या बसतात खऱ्या, पण मागे राहिलेले तपकिरी डाग जायच्या आत पुढच्या महिन्याच्या पुळ्या हजर होतात. त्वचारोगतज्ज्ञांनी रात्री लावण्यासाठी अडॅपॅलिन जेल दिले असून ते सुरू करून दीडेक महिना झाला आहे.

मध्यंतरी समाजमाध्यमांवर एक तक्ता पाहण्यात आला. त्यात चक्राचे चार भाग पाडून प्रत्येक भागासाठी वेगळा फेसवॉश, वेगळे सीरम आणि वेगळा लेप सांगितला आहे. रक्तस्राव चालू असताना केवळ 'त्वचा शांत करणारी' उत्पादने, पुढच्या आठवड्यात व्हिटॅमिन सी आणि मृत त्वचा काढणारी ॲसिडे, चौदाव्या दिवसाच्या आसपास जवळजवळ काहीच नाही आणि शेवटच्या आठवड्यात मातीचा लेप व सॅलिसिलिक ॲसिड, अशी ती मांडणी आहे. पाळीच्या दिवसांत रेटिनॉइड गटातले (म्हणजे अडॅपॅलिनसारखे) औषध पूर्ण बंद ठेवावे, असेही त्यात लिहिले आहे. शिवाय पहिले दोन आठवडे जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे दोन आठवडे तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया खाव्यात, व्यायामही त्याच वेळापत्रकाने बदलावा, इथपर्यंत सगळे ठरवून दिले आहे. हे संच विकत घ्यायचे झाले तर महिन्याचा खर्च लोकलच्या पहिल्या वर्गाच्या पासाच्याही वर जातो, म्हणून घेण्याआधी विचारते आहे.

यामागे खरोखर काही शास्त्र आहे का? अडॅपॅलिन पाळीत बंद ठेवावे का? पार्लरमध्ये जाण्यासाठी कोणते दिवस बरे? आणि आईचे म्हणणे असे की पाळीत चेहऱ्याला काहीच लावू नये, चौथ्या दिवशी न्हाऊन मग डाळीच्या पिठाने चेहरा स्वच्छ घासावा. त्याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

निरगुडी

सदाफुली, तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पाळीच्या चक्राबरोबर त्वचा बदलते, हे खरे आहे. पण म्हणून दर आठवड्याला उत्पादने बदलावीत, हे त्यावरून सिद्ध होत नाही. मी काही वर्षे एका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात काम केले आहे, त्या अनुभवावरून आणि वाचनावरून लिहिते. शेवटचा शब्द अर्थातच तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांचा.

रक्तस्रावाचा पहिला दिवस तो चक्राचा पहिला दिवस. तिथून स्त्रीबीज बाहेर पडेपर्यंत इस्ट्रोजेन वाढत जाते. त्वचेत पाणी धरून ठेवणाऱ्या हायलुरॉनिक ॲसिडाला आणि त्वचेच्या बाहेरच्या संरक्षक थराला या संप्रेरकाचा आधार असतो, त्यामुळे चक्राच्या मध्याला अनेकींना चेहरा टवटवीत वाटतो. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढते, आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या आधीच्या काही दिवसांत ही दोन्ही संप्रेरके झपाट्याने उतरतात. त्याच दिवसांत त्वचेचा संरक्षक थर थोडा कच्चा पडतो, तिच्यातले पाणी अधिक उडून जाते आणि एरवी न झोंबणारे क्रीमही झोंबते. तेलग्रंथींना चालना देणारी पुरुषी संप्रेरके प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोड्या प्रमाणात असतातच. बाकीची दोन उतरली की त्यांचा प्रभाव तुलनेने वाढतो, असे पाळीआधीच्या पुळ्यांचे एक स्पष्टीकरण दिले जाते. २००१ साली अमेरिकेत ४०० महिलांच्या पाहणीत ४४ टक्के जणींनी पाळीआधी पुळ्या वाढतात असे सांगितले होते, आणि हे प्रमाण ३३ वर्षांपुढच्या स्त्रियांत तरुणींपेक्षा जास्त होते. तेव्हा तुम्हाला होते आहे ते अगदी सर्वसाधारण आहे.

आता तक्त्याची गोम. आज दिसणारी पुळी आज जन्मलेली नसते. केसाच्या मुळाशी तेल आणि मृत पेशी साचून रंध्र आतल्या आत बंद होण्याची क्रिया कित्येक आठवडे आधी सुरू झालेली असते आणि ती बाहेरून दिसतही नाही. पाळीआधी होते ते एवढेच, की आधीपासून बंद असलेल्या त्या रंध्राला सूज येते. म्हणून शेवटच्या आठवड्यात मातीचा लेप थापून त्या महिन्याच्या पुळ्या टळत नाहीत. अडॅपॅलिनचे काम नेमके त्या न दिसणाऱ्या टप्प्यावर चालते, म्हणून त्याला सलग बारा आठवडे द्यावे लागतात. तुम्ही अर्ध्या वाटेवर आहात. दर महिन्याला पाच-सात दिवस ते बंद ठेवले, तर औषधाचा परिणाम साचत नाही आणि पुन्हा सुरू करताना सुरुवातीची कोरड व सोलवटणे मात्र दर वेळी नव्याने सोसावे लागते. रक्तस्राव चालू आहे म्हणून ते थांबवण्याचे कारण नाही. गर्भधारणेचा विचार असेल तर मात्र ते आधीच डॉक्टरांना सांगून बंद करावे, कारण त्या काळात रेटिनॉइड गटातील औषधे वापरत नाहीत.

मग चक्रानुसार काहीच बदलायचे नाही का? थोडे बदलावे, पण नवे काही आणून नव्हे. आहे त्यातलेच कमी करून. पाळीच्या आधीच्या पाच-सहा दिवसांत स्क्रब आणि ॲसिडे बाजूला ठेवावीत. अडॅपॅलिन झोंबत असेल तर आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, त्यावर वाटाण्याएवढे जेल पूर्ण चेहऱ्यासाठी, आणि गरज वाटल्यास वर पुन्हा मॉइश्चरायझर, असे करावे; फारच त्रास झाला तर एक दिवसाआड लावावे. हनुवटीसाठी २.५ टक्क्यांचे बेंझॉइल पेरॉक्साइड सकाळी लावता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. जास्त तीव्रतेचे घेतल्याने फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते, आणि ते कोणत्याही तीव्रतेचे असले तरी रंगीत टॉवेल व उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पाडते, तेव्हा जुना पांढरा टॉवेल वेगळा ठेवा.

डागांसाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट त्या तक्त्यात नाहीच, ती म्हणजे सनस्क्रीन. आपल्या वर्णाच्या त्वचेत पुळी बसल्यावर रंगद्रव्य मागे राहते आणि ऊन ते अधिक गडद करते. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेले सनस्क्रीन दोन बोटांवर पूर्ण रेघ येईल इतके घेऊन चेहऱ्याला व मानेला रोज लावावे, पावसाळ्यातही. आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित रंगाचे सनस्क्रीन मिळाले तर दृश्य प्रकाशापासूनही बचाव होतो, जो डाग आणि वांग यांच्यासाठी महत्त्वाचा असतो. सौम्य फेसवॉश, तेलकट त्वचेला चालणारे हलके मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि डॉक्टरांचे औषध, एवढ्यावर महिन्याचे तीसही दिवस भागते.

आईंबद्दल आदर राखून सांगते, पाळीत डोके धुण्याने किंवा चेहऱ्याला काही लावण्याने अपाय होतो याला वैद्यकीय आधार नाही. डाळीचे पीठ हलक्या हाताने लावून धुतले तर बिघडत नाही, पण सुजलेल्या पुळ्यांवर ते घासणे टाळा, आणि त्यात लिंबू तर मुळीच पिळू नका. लिंबाचा रस त्वचेवर राहून ऊन लागले की भाजल्यासारखे चट्टे उठतात व त्यांचे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

तिसरा_प्रहर (कोल्हापूर)

निरगुडी यांच्या उत्तराला माझी एक पुस्ती. हे सगळे तक्ते २८ दिवसांचे चक्र गृहीत धरतात आणि स्त्रीबीज चौदाव्या दिवशी बाहेर पडते असे सांगतात, तर प्रौढ स्त्रीमध्ये २१ ते ३५ दिवसांचे कोणतेही चक्र सर्वसाधारण मानले जाते. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बहुतेकींत दोन आठवड्यांच्या आसपास असतो. लांबतो किंवा आखडतो तो पूर्वार्ध. म्हणजे ३५ दिवसांचे चक्र असलेल्या बाईचे स्त्रीबीज साधारण एकविसाव्या दिवशी बाहेर पडते आणि तक्त्याप्रमाणे ती तोपर्यंत 'तिसऱ्या आठवड्याचा' संच लावून मोकळी झालेली असते.

मला पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार, आहे. पाळी कधी दीड महिन्याने येते, कधी दोन. कित्येक चक्रांत स्त्रीबीज बाहेर पडतच नाही, त्यामुळे चार भाग पाडायचे तरी कशाचे? गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचीही तीच गोष्ट आहे. माला-डीसारख्या गोळ्यांत संप्रेरके बाहेरूनच मिळत असल्याने शरीराचा स्वतःचा चढउतार दबलेला असतो आणि दर महिन्याला येणारा रक्तस्राव हा संप्रेरकांच्या गोळ्या थांबल्यामुळे येतो. अंगावर पाजणाऱ्या आया, चाळिशीनंतर ज्यांच्या पाळ्या मागेपुढे होऊ लागल्या आहेत अशा स्त्रिया, यांनाही दिनदर्शिकेचा उपयोग नाही. रजोनिवृत्तीच्या वाटेवर असलेल्यांना तर एकाच वेळी कोरडी त्वचा आणि हनुवटीवर पुळ्या असा उफराटा अनुभव येतो, आणि त्यांना तेलकट त्वचेची उत्पादने दिली की अंगाची काहिली होते.

सदाफुली, तुमची पाळी नियमित आहे, तेव्हा तुम्हाला घाबरवण्याचा हेतू नाही. पण हा धागा वाचणाऱ्या ज्या कोणाच्या हनुवटीच्या पुळ्या महिनाभर हटत नाहीत, पाळी ३५ दिवसांपेक्षा लांबते, ओठांवर वा हनुवटीवर राठ केस येतात, डोक्यावरचे केस भांगात विरळ होतात किंवा मानेची कातडी जाडसर, मखमली आणि काळपट होते, त्यांनी सीरमच्या मागे न लागता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. मानेवरचा तो काळेपणा मळ समजून घरोघरी घासला जातो. तो घासून जात नाही, कारण त्याचा संबंध बहुधा इन्सुलिनशी असतो. त्यासाठी साखरेची तपासणी करून घ्यायला हवी.

जास्वंद

मी गेली बरीच वर्षे पार्लर चालवते, त्यामुळे प्रश्नातल्या त्या भागापुरते लिहिते.

पाळीच्या आधीच्या दोन-चार दिवसांत आणि पहिल्या दिवशी वॅक्सिंग अधिक दुखते, असे बहुतेक ग्राहक सांगतात. सगळ्यांनाच तसे होत नाही. ज्यांना होते त्यांना मी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली वेळ देते. पाळी चालू असताना पार्लरमध्ये येऊ नये असा काही नियम नाही. पोट दुखत असताना तासभर उताणे पडून राहणे सोसवत नाही, एवढीच काय ती अडचण.

तुमच्या बाबतीत पाळीपेक्षा अडॅपॅलिन जास्त महत्त्वाचे आहे. हे जेल लावणाऱ्या चेहऱ्यावर वॅक्सिंग करू नये, म्हणजे ओठांवर किंवा हनुवटीवरही नाही. औषधाने वरचा थर नाजूक झालेला असतो आणि पट्टी ओढताना केसांबरोबर कातडीचा पापुद्रा निघून येतो. खाली लालबुंद, ओलसर, चकाकणारी जागा दिसते, दोन दिवसांत तिथे खपली धरते आणि मग महिनोन्‌महिने तपकिरी पट्टा राहतो. असे चेहरे माझ्याकडे दुसरीकडून होऊन आलेले आहेत. म्हणून खुर्चीत बसताच, कोणी विचारो न विचारो, आपण कोणते औषध लावतो ते सांगावे. थ्रेडिंग चालते, मात्र कातडी नीट ताणून धरावी लागते आणि त्या रात्री जेल लावू नये. ब्लीचला मी नाहीच म्हणते. फेशियल करायचे असेल तर वाफ आणि घासणे वगळून करा. खोल दुखऱ्या पुळ्या दाबून काढायला कोणी सुरुवात केली तर तिथेच थांबवा, कारण त्यांना बाहेर यायला वाट नसते आणि दाबल्याने त्या आतल्या आत फुटून खड्डा पाडतात.

ओसरी (पुणे)

वरच्या मंडळींनी तक्त्याची जी हजेरी घेतली ती योग्यच आहे, पण मला थोडी दुसरी बाजू मांडायची आहे. चेहऱ्याला काय लावावे हे चक्राने ठरत नसेल, तरी आपण स्वतःला किती राबवून घ्यावे, हे अनेकींच्या बाबतीत ठरू शकते आणि ते ठरवण्यात काही चूक नाही. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर शरीराचे तापमान सुमारे ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढलेले असते, आणि मार्च-एप्रिलच्या उकाड्यात पाळीआधीच्या आठवड्यात झोप लागत नाही ही माझ्या परिचयातल्या कितीतरी जणींची तक्रार आहे. त्या आठवड्यात रात्रीचे अंथरूण लवकर धरणे, शक्य असेल तिथे मोठी कामे दोन दिवस मागेपुढे करणे, घरातल्या माणसांना 'आज स्वयंपाक तुम्ही बघा' असे आधीच सांगून ठेवणे, यासाठी कोणत्याही संचाची गरज लागत नाही. आपल्याकडे पूर्वी बायका बाजूला बसत. ती प्रथा अपमानाची होती आणि ती जायलाच हवी होती. मात्र तिच्याबरोबर विश्रांतीही गेली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

व्यायामाच्या वेळापत्रकाला मात्र फारसा पुरावा नाही. पाळीच्या पहिल्या दिवसांत ताकद किंचित कमी वाटू शकते, पण तो फरक इतका थोडा आणि प्रत्येकीगणिक इतका वेगळा असतो, की त्यावरून सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही. चालावेसे वाटले तर चालावे. दुखणाऱ्या पोटाला हलक्या व्यायामाने आराम पडतो, आणि शेकण्यानेही पडतो. शेकण्याबद्दल एक सूचना द्यावीशी वाटते. गरम पाण्याची पिशवी थेट कातडीवर, महिन्यामागून महिने, एकाच जागी धरली, तर ओटीपोटावर जाळीसारखी तांबूस-तपकिरी नक्षी उठते. सुरुवातीला ती आपोआप जाते, पण शेकणे तसेच चालू राहिले तर कायमची राहू शकते. मध्ये जाडसर टॉवेल घ्यावा, पाणी उकळते नसावे आणि पिशवी पोटावर ठेवून झोपी जाऊ नये.

बियांच्या वेळापत्रकाबद्दल तर हसूच आले. जवसाची चटणी, तिळाची चटणी आपल्या पानात आहेच; ती पंधरवडा पाहून वाढायला लागलो तर घरातले वेड्यात काढतील. बियांची अशी पाळी लावल्याने संप्रेरके ताळ्यावर येतात, याला विश्वासार्ह पुरावा नाही. खरे लक्ष लोहाकडे द्यायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, तर चेहरा निस्तेज दिसण्याचे कारण चेहऱ्यावर नसून रक्तात असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याचे उत्तर हिमोग्लोबिन व फेरिटिनच्या (शरीरातल्या लोहाच्या साठ्याच्या) तपासणीत मिळते. अळीव, पालेभाज्या, कडधान्ये खावीत, वर लिंबू पिळावे आणि चहा जेवणाला लागून न घेता तासभराने घ्यावा, कारण चहामुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते. पण रक्तक्षय ठरलाच, तर केवळ गूळ-शेंगदाण्यांवर तो भरून निघत नाही. गोळ्या घ्याव्याच लागतात.

एक शेवटचे. पाळीआधीच्या आठवड्यात चिडचीड होणे वेगळे, आणि दर महिन्याला त्याच दिवसांत जगणे नको वाटावे, घरात-कामावर निभाव लागू नये आणि पाळी सुरू झाली की सगळे ओसरावे, हे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत. त्याला 'मूड' म्हणून झटकू नये. डॉक्टरांपर्यंत जाणे जमत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

वऱ्हाडी_पाहुणी (अकोला)

सगळे चेहऱ्यावर लिहीत आहेत, म्हणून मी खाली उतरते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पाळीच्या दिवसांत त्वचेचे जे हाल होतात ते जांघेत होतात. पॅडच्या कडेने कातडी घासून लाल होते, चालताना आग होते, घाम झोंबतो. रक्तस्राव कमी असला तरी पॅड चार ते सहा तासांत बदलावे, सुगंधी पॅड टाळावे, जागा साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी करावी आणि बाहेर पडण्याआधी जांघेच्या बाहेरच्या बाजूला पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचे मलम पातळ लावावे. पावडर लावू नये. घामाबरोबर तिच्या गुठळ्या होतात आणि त्या आणखी घासतात. मेन्स्ट्रुअल कप जमला तर हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो. तो जास्तीत जास्त बारा तासांनी रिकामा करून धुवायचा आणि दोन पाळ्यांच्या मध्ये उकळून ठेवायचा असतो. कापडाची घडी वापरणाऱ्यांनी ती आडोशाला, ओल्या कपड्यांच्या खाली न वाळवता उन्हात वाळवावी.

घासून आलेला लालपणा पाळी गेली की चार-सहा दिवसांत निवळतो. तो निवळला नाही, खाज वाढली आणि गोल चट्ट्याची कड उठावदार होऊन मधला भाग साफ दिसू लागला, तर तो नायटा समजावा. इथे घोळ होतो. औषधाच्या दुकानात 'खाजेचे मलम' मागितले की बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि स्टेरॉइड अशा तिन्हींचे मिश्रण असलेली ट्यूब हातात पडते. दोन दिवसांत खाज थांबते, आपण खूश होतो, आणि खाली बुरशी पसरत राहते. मग तो नायटा महिनोन्‌महिने हटत नाही, घरातल्या सगळ्यांना होतो, आणि जांघेतल्या नाजूक कातडीवर स्टेरॉइडमुळे पांढरट-जांभळ्या रेघा उमटतात, ज्या पुन्हा जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे 'एच' अनुसूचीत घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात काय चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सदाफुली (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. तक्ता बाजूला ठेवला आणि अडॅपॅलिन चालू ठेवते आहे. वऱ्हाडी_पाहुणी यांनी स्टेरॉइडबद्दल लिहिले, त्यावरून एक विचारायचे राहिले. माझी जाऊबाई चेहऱ्यावरच्या वांगासाठी आणि डागांसाठी एक 'गोरे करणारे' क्रीम वापरते. तिचा चेहरा पहिल्या महिन्यात खरोखरच नितळ झाला होता, म्हणून ती मलाही पाळीनंतरच्या डागांपुरते, दहा दिवस लावून बघ म्हणते. ट्यूबवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी नावे आहेत. हल्ली तिचा चेहरा उन्हात गेले की लाल होतो आणि गालांवर बारीक शिरा दिसतात. पाळीनंतरच्या दहा दिवसांपुरते ते मला चालेल का?

निरगुडी

नाही, दहा दिवसांपुरतेही नको. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. तुम्ही आधीच अडॅपॅलिन लावता, त्यावर ट्रेटिनॉइन म्हणजे एकाच गटातली दोन औषधे होतील आणि चेहरा सोलवटेल. त्याशिवाय स्टेरॉइडने सूज दबल्यामुळे दहा दिवस पुळ्या बसल्यासारख्या वाटतील आणि बंद केल्यावर बारीक, एकसारख्या पुळ्यांचे पीक येईल. ते पाळीच्या आधीच आले तर तुम्ही ते पाळीवर ढकलाल आणि ट्यूब पुन्हा उघडाल. अनेकींची सवय नेमकी अशीच लागलेली मी पाहिली आहे. असे मिश्रण त्वचारोगतज्ज्ञ वांगासाठी कधीकधी देतात, पण ठरावीक आठवड्यांपुरते आणि स्वतःच्या देखरेखीखाली.

तुमच्या जाऊबाईंचे वर्णन मात्र काळजीचे आहे. उन्हात लाल होणे आणि शिरा दिसणे ही स्टेरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्याची लक्षणे असू शकतात. त्यांनी ते क्रीम बरेच दिवस लावले असेल तर एका दिवसात फेकून देऊ नये, कारण अचानक थांबवल्यावर चेहरा भडकतो, आग होते, आणि मग घाबरून माणूस पुन्हा तेच लावतो. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ते हळूहळू कसे सोडवायचे ते सांगतात. वांग पाळीच्या चक्राने येत-जात नाही, पण गर्भारपण आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनी वाढू शकतो, तेव्हा त्या गोळ्या घेत असतील तर तेही तिथे सांगावे.

तुमच्या डागांसाठी बारा आठवडे पुरे झाल्यावरच्या भेटीत अ‍ॅझेलाइक ॲसिडाबद्दल विचारा. ते पुळ्या आणि डाग दोन्हींवर चालते आणि पुढे गर्भधारणेचा विचार झाला तरी सहसा बंद करावे लागत नाही. तोवर पाळीचा पहिला दिवस आणि नवी पुळी आल्याचा दिवस एवढ्या दोनच नोंदी दिनदर्शिकेवर करत जा, आणि सकाळच्या उजेडात खिडकीपाशी, चेहऱ्याला काही न लावता, त्याच कोनातून फोटो काढून ठेवा. त्या नोंदी पाहून डॉक्टरांना ठरवता येईल की औषध पुरते आहे, की पाळीशी बांधलेल्या पुळ्यांसाठी संप्रेरकांच्या उपचाराचा विचार करायला हवा.